मोबाईलवर शिकलेली फोटोग्राफी पुढे मोठ्या कॅमेऱ्यावर चालते का, की आधी चांगला कॅमेरा घ्यावा?

चालते. आणि कॅमेरा आत्ता घेऊ नका. या दोन्ही गोष्टी माझ्या धाकट्या मेहुण्याला कित्येक वर्षं पटत नाहीयेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मेहुणा पुण्यात आयटीत आहे. सारखा नवा कॅमेरा घेतो आणि दर वेळी मला ऐकवतो, "दाजी, तुमचं सगळं रिळाच्या जमान्यातलं. आता मशीनच वेगळं आहे." मी तरुणपणी फलटणला एका स्टुडिओत कामाला होतो. लग्नं मारायची ती उजेड मोजणारं मीटर नसलेल्या यशिका मॅट कॅमेऱ्यावर, एका रोलवर बारा फोटो. फिल्मच्या खोक्यात छापून आलेला तक्ता पाठ असायचा: लख्ख ऊन असेल तर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ (आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, फिल्मच्या स्पीडएवढं, म्हणजे १०० च्या रोलला १/१२५ सेकंद. सावली पडतच नसेल तर एफ ८. रोल फुकट गेला की मालक पगारातून कापायचे, त्यामुळे पाठांतर पक्कं.

तर माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण लोणंदच्या पुढे, चांदोबाच्या लिंबाला होतं. एका वर्षी मेहुणा सहकुटुंब आला, गळ्यात नवाकोरा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा. सकाळपासून त्यानं दिंड्यांचे ढीगभर फोटो काढले होते. सगळ्यांत टोप्या राखाडी आणि चेहरे काळेठिक्कर. होणारच! मीटरला टोपी कळत नाही, वारकरी कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगावर आणून ठेवायचं, एवढंच त्याला येतं. पांढऱ्याशुभ्र गर्दीवर धरला की तो उजेड कमी करतो, काळ्या म्हशीवर धरला की वाढवतो. हे यशिकाच्या काळात खरं होतं आणि तुमच्या मोबाईललाही लागू आहे.

रिंगण सुरू व्हायच्या वेळेला मेहुण्याचं पोरगं खांद्यावर घ्या म्हणून हटून बसलं. नाइलाजानं कॅमेरा माझ्या गळ्यात आला. "दाजी, ऑटोवर आहे, कशाला हात लावू नका." त्या कंपनीचा कॅमेरा मी पहिल्यांदाच धरत होतो. मॅन्युअल कुठे आणि कुठलं चाक काय फिरवतं, एवढंच शोधलं. आभाळ भरलेलं, सावली नव्हती. आयएसओ, म्हणजे तोच फिल्मचा स्पीड, ४०० ठेवला; तक्त्याप्रमाणे एफ ८ ला १/४०० बसतं. घोडा पळणार म्हणून वेळ निम्मा, १/८००, आणि त्याची भरपाई म्हणून भोक मोठं, एफ ५.६. ऑटोफोकस बंद केला, समोरच्या रांगेतल्या विणेकऱ्यावर फोकस धरला आणि घोडा त्याच्या रेषेत यायची वाट बघत थांबलो.

पुढे पताकावाला स्वार, मागे माउलींचा अश्व. आला आणि गेला. मेहुणा म्हणाला, "संपलं, द्या कॅमेरा." मी दिला नाही. लहानपणापासून बघतोय, खरा फोटो घोडा गेल्यावर असतो. टापांखालची माती घ्यायला अख्खी रांग वाकते. एक म्हातारी माती कपाळाला लावत होती, तोंडावर ढगातला मऊ उजेड, मागे टाळ धरलेले हात. तो फोटो आज मेहुण्याच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. आल्यागेल्याला तो कॅमेऱ्याचं मॉडेल सांगतो.

आता तुमचं. मोबाईलमध्ये प्रो मोड उघडा आणि शटर, आयएसओ हातानं फिरवा. अॅपर्चर बहुतेक मोबाईलमध्ये बदलत नाही, तेवढं नंतर शिकाल, एका दुपारचं काम आहे. घरातल्याच माणसाला खिडकीशी बसवा, मग दारात, मग ट्यूबलाईटखाली, आणि नाकाची सावली कुठे पडते ते बघत राहा. चेहरा जवळून काढला की नाक मोठं दिसतं. ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे. दोन पावलं मागे जा आणि मग झूम करा. हे सगळं कुठल्याही डबड्यावर तसंच लागू पडतं. बदलतात ती बटणं. निकॉनची लेन्स कॅननच्या उलट फिरते, हाताला थोड्याच दिवसांत सवय होते.

मेहुण्याच्या बाजूनंही बोलायला हवं. नवे कॅमेरे चेहरा ओळखतात, त्यामुळे काळ्या चेहऱ्यांची रड बरीच कमी झालीय. उडते पक्षी किंवा अंधारातलं नाटक काढायचं असेल तर मोबाईल पुरत नाही, तिथे पैसा बोलतो. आणि मोबाईल अनेक फ्रेम जोडून एक फोटो बनवतो, त्यामुळे ऑटोवर तुमची चूक तुम्हाला दिसतच नाही. म्हणून तर प्रो मोड म्हणालो.

कुठली कंपनी ते मला विचारू नका. ओळखीत ज्याच्याकडे लेन्स मागता येतील त्याच्याच कंपनीचा कॅमेरा घ्या. जुना घेतलात तर लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का बघा. कोकणातला माल असेल तर दोनदा बघा.