स्टार वॉर्सच्या कथेत इतक्या फटी आहेत, तरी जुने चित्रपट पटतात आणि नवे खटकतात, असं का?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीत नऊही मुख्य चित्रपट ओळीने पाहिले. जुन्या तीन चित्रपटांतल्या (१९७७, १९८०, १९८३) अशक्य गोष्टी सहज गिळल्या, शेवटच्या तिघांत (२०१५, २०१७, २०१९) मात्र घासागणिक खडा लागला. हा नुसता जुन्याच्या मायेचा परिणाम आहे का, असं तुम्ही विचारता. शिवाय बारा वर्षांच्या मुलीला यातलं काय दाखवावं, हेही विचारलंय.

मायेचा प्रश्नच येत नाही. तुम्ही सगळे चित्रपट पहिल्यांदाच पाहिलेत, माया जडायला वेळ कुठे होता? तुम्हाला लागलेला खडा खरा आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे दाखवता येतं.

शास्त्राच्या चुका आधी बाजूला काढतो. अवकाशात स्फोटाचा आवाज येतो, यानं विमानासारखी वळतात, तस्कर हान सोलो केसेल रन नावाची वाट बाराहून कमी पार्सेकांत पार केल्याची फुशारकी मारतो. पार्सेक हे अंतराचं एकक, साधारण ३.२६ प्रकाशवर्षांचं, वेळेचं नव्हे. २०१८ च्या 'सोलो'मध्ये त्याने जवळचा, धोक्याचा रस्ता धरला होता असं दाखवून ही चूक सावरली आहे. मला त्या खटाटोपाची गरज वाटत नाही. त्या वाक्यापाशी कुणाचंही मन कथेतून उठलेलं नव्हतं.

मन कुठे उठतं, हे मी वहीगायन ऐकत शिकलो. माझं लहानपण अमळनेर तालुक्यातलं. गावात डफावर रात्र-रात्र वही चालायची, पुराणातल्या कथा, अहिराणी बोलणारी माणसं समोर बसलेली. डोंगर उचलला, बाणातून आग बरसली, यावर कुणी हरकत घेत नसे. पण कर्णाच्या रथाचं चाक रुतलं आणि त्याआधी ब्राह्मणाच्या गाईचा शाप गायलाच नसेल, तर म्हातारी माणसं गाणाऱ्याला थांबवून मागे न्यायची. चाक रुतणं हा योगायोग ठरला तर कर्णाचं मरण फुकट जातं, हे त्यांना पक्कं कळत होतं. शाप आधी, चाक नंतर. मी आजही कुठलीही लांबलचक कथा याच कसाला लावतो.

१९७७ चा पहिला चित्रपट त्या कसाला उतरतो. डेथ स्टार हा साम्राज्याचा ग्रह उडवू शकणारा अवकाशतळ, एवढा अजस्र, आणि दोन मीटर रुंदीच्या एका झरोक्यातून तो उडतो. ऐकायला हास्यास्पद आहे. पण त्या झरोक्यापर्यंत पोचायचा नकाशा आर-टू-डी-टू या यंत्रमानवाच्या पोटात पहिल्या प्रसंगापासून आहे आणि सगळी पळापळ त्याच्याचसाठी चाललेली आहे. एवढ्या लहान लक्ष्यावर नेम लागणं अशक्य, असं कुणी म्हणतं तेव्हा नायक ल्यूक सांगतो की घरी असताना तो दोन मीटरपेक्षा फार मोठ्या नसलेल्या वॉम्प रॅट नावाच्या प्राण्यांना टिपायचा. डोळे झाकून वार अडवायचं शिक्षण गुरू ओबी-वॉनने त्याला आधीच दिलेलं आहे, म्हणून शेवटी नेम धरायचं यंत्र तो बंद करतो तेव्हा आपल्याला तो वेडेपणा वाटत नाही. हिरण्यकशिपूला ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर असा वर मिळालेला असतो. तिन्हीसांजेला उंबरठ्यावर नरसिंह प्रकटतो तेव्हा ती पळवाट नवी नसते, मूळ वरदानातच होती.

एवढ्या मोठ्या यंत्रात असली फट ठेवलीच कोणी, हा प्रश्न मात्र उरला होता. त्याचं उत्तर २०१६ च्या 'रोग वन'ने दिलं. जबरदस्तीने कामाला जुंपलेल्या गेलन अर्सो नावाच्या अभियंत्याने ती दुर्बळ जागा मुद्दाम ठेवली होती. हे उत्तर मला फार आवडतं, कारण ते नुसतं ठिगळ लावत नाही. बायको मेली, मुलगी दुरावली, अशा माणसाने शत्रूच्या घरात बसून उगवलेला तो सूड आहे. आता १९७७ चा शेवट पुन्हा पाहताना तो झरोका दिसला की त्या बापाची आठवण येते.

इथे तुम्ही म्हणाल, हा शाप तर नंतर रचला! बरोबर. आणि इथेच माझ्या कसाला एक जोड द्यावी लागते. खलनायक डार्थ व्हेडर हा ल्यूकचा बाप, हेही आधी ठरलेलं नव्हतं. १९८० च्या चित्रपटाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी लिहिला, त्यात ल्यूकचा बाप आत्म्याच्या रूपात वेगळा येऊन भेटतो. १९७७ मध्ये ओबी-वॉन तर स्पष्ट सांगतो की व्हेडरने तुझ्या बापाला मारलं, आणि १९८३ मध्ये त्याला 'एका दृष्टीने ते खरंच होतं' अशी सारवासारव करावी लागते. कोरड्या तर्काने पाहिलं तर ही भलीमोठी विसंगती आहे. तरी ती कुणी नाकारत नाही. का? पहिल्याच चित्रपटात ल्यूकची काकू बेरू म्हणते की पोरात बापाचा अंश फार आहे, आणि काका ओवेन उत्तरतो, मला तीच भीती वाटते. पहिल्यांदा पाहताना आपण समजतो की हा शेतकरी गडी हाताखालचा पोरगा निघून जाईल म्हणून घाबरलाय. बाप कोण ते कळल्यावर तेच वाक्य अंगावर येतं. नंतर रचलेल्या गोष्टीने आधीची गोष्ट जड झाली. लेखकाला हे करायची मुभा आहे.

ल्यूकची जुळी बहीण लेया, तिला आई अंधुक आठवते असं १९८३ च्या चित्रपटात ती सांगते, २००५ च्या चित्रपटात आई बाळंतपणातच जाते. हे चुकलेलं आहे, पण त्यावर कथेचा भार नाही. सोडून देऊ.

आता तुमचा खडा. २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये बंडखोरांची सेनानी होल्डो आपलं जहाज प्रकाशवेगाच्या उडीत थेट शत्रूच्या महाकाय जहाजावर घालते. काही क्षण आवाज पूर्ण बंद होतो. दृश्य म्हणून मला ते आजही विलक्षण वाटतं. पण ते संपताच प्रश्न पडतो, असं करता येत असेल तर डेथ स्टारवर मूठभर वैमानिकांना मरायला कशाला पाठवलं? एखादं रिकामं जहाज सोडून दिलं असतं. इथे नव्या गोष्टीने आधीच्या मरणांना हलकं केलं. पुढच्या चित्रपटात 'ते लाखात एकदाच जमतं' असं एक वाक्य घालून विषय मिटवलाय. लाखात एकदा, हे होल्डोच्या निर्णयाच्या आधी कळलं असतं तर तिचं धाडसही वाढलं असतं.

खरी मोडतोड २०१९ च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये आहे. १९८३ च्या चित्रपटात मेलेला सम्राट पॅल्पटीन जिवंत आहे, हे सुरुवातीच्या सरकत्या मजकुरातच आपल्याला कळवतात. कसा परतला? 'कसा तरी'. चित्रपटातलं पात्र अक्षरशः तेवढंच म्हणतं. त्याचा जो संदेश साऱ्या आकाशगंगेत ऐकू गेला, तो चित्रपटात नाहीच. प्रदर्शनाच्या आधी 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममध्ये तो ऐकवला होता. म्हणजे शाप एका मांडवात आणि चाक दुसऱ्या.

हा चित्रपट मी घरी आमच्या जिभाऊंच्या शेजारी बसून पाहिला. जिभाऊ म्हणजे माझे चुलते, वही ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. इंग्रजी कळत नाही, म्हणून मी सांगत होतो. याआधी त्यांनी १९८३ चा चित्रपट माझ्यासोबत पाहिला होता आणि ल्यूकला वाचवायला व्हेडर सम्राटाला उचलून खोल गर्तेत फेकतो आणि स्वतः मरतो तेव्हा ते समाधानाने मागे रेलले होते. पॅल्पटीन पुन्हा दिसल्यावर त्यांनी विचारलं, "मंग तो इतला दिन व्हता कोठे?" मी सांगू लागलो की एका लपलेल्या ग्रहावर होता, गुप्तपणे आरमार बांधत होता. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र मला कुठल्याही समीक्षेत इतका थेट सापडला नाही. मग पोरासाठी बाप मेला तो कशाला?

माझ्या लेखी दोष तिथेच आहे. मेलेला परत येतो, हे पुराणांना नवं नाही. पण व्हेडरने जीव देऊन जे विकत घेतलं, ते चित्रपटाने प्रेक्षकाला न विचारता परत करून टाकलं. याच चित्रपटात हानचा जुना साथीदार च्यूबाका मेला म्हणून आपण हळहळतो आणि थोड्याच वेळात तो जिवंत निघतो. यंत्रमानव सी-थ्रीपीओ मित्रांसाठी आपली सारी स्मृती पुसू देतो, फार चांगला प्रसंग आहे तो, आणि मग स्मृती परत मिळते. दोन-तीनदा असं झालं की प्रेक्षक आपोआप सावध होतो. पुढच्या मरणाला रडत नाही.

हे घडलं ते तिन्ही चित्रपटांना मिळून एक आराखडा नव्हता म्हणून. २०१५ मध्ये दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी नव्या नायिकेचे, म्हणजे रेचे आईबाप कोण, असं कोडं टाकलं. २०१७ मध्ये रायन जॉन्सन यांनी उत्तर दिलं की ते कुणीच नव्हते. आणि मला ते उत्तर मोठं वाटतं, कारण वंशाशिवायही माणसाला मोठं होता येतं असं ही मालिका तिथे पहिल्यांदा ठासून म्हणते. तिसऱ्या चित्रपटाचे ठरलेले दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो त्याच वर्षी बाजूला झाले, एब्रम्स परत आले आणि रे पॅल्पटीनची नात निघाली.

याच विश्वात कार्यकारणाची वीण किती घट्ट असू शकते, हे पाहायचं तर 'अँडोर' ही मालिका बघा. टोनी गिलरॉय यांची, दोन पर्व, २०२२ आणि २०२५. नायक कॅसियन शेवटी मरतो हे 'रोग वन'मुळे आपल्याला आधीच माहीत असतं, तरी जीव टांगणीला लागतो. तो साम्राज्याचा खजिना लुटण्यात सामील होतो. त्या लुटीमुळे सरकार चिडून शिक्षा वाढवणारा कायदा आणतं. पुढे भलत्याच ठिकाणी, काहीही न करता तो पकडला जातो आणि त्याच कायद्याखाली त्याला सहा वर्षांची कैद होते. तुरुंगात फरशीत वीज खेळवलेली, कैदी अनवाणी, दिवसभर यंत्राचे भाग जोडायचे. सुटलेल्या माणसालाही घरी न सोडता दुसऱ्या मजल्यावर कामाला लावतात, हे कळतं तेव्हाच बंड पेटतं, कारण आता गप्प राहून मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं. पाणी सोडून ते फरशी निकामी करतात. बाहेर चहूकडे पाणीच आहे, सगळ्यांना उडी मारायला लावणारा किनो लॉय काठावर येतो आणि सांगतो, मला पोहता येत नाही. कुणीही त्याला वाचवायला येत नाही. पर्वाच्या अगदी शेवटी कळतं की कैद्यांनी जोडलेले ते भाग डेथ स्टारचे होते. ज्याच्या माऱ्यात कॅसियन मरणार, ते शस्त्र त्याच्याच हातून घडलं. कर्णाची गोष्ट सांगणाऱ्यांनी मान डोलवावी अशी ही रचना आहे.

मुलीसाठी: १९७७, १९८०, १९८३ या क्रमाने दाखवा, आणि दुसरा चित्रपट संपायच्या आधी तिला बापाबद्दल काहीही कळू देऊ नका. मग 'रोग वन'. त्यात जवळजवळ सगळे मरतात, म्हणून शेजारी बसा. तिला रे आवडेल असं वाटत असेल तर २०१५ आणि २०१७ चेही दाखवा, ते पाहण्यासारखे आहेत. २०१९ चा तिने हट्ट धरला तरच. 'अँडोर'मध्ये छळाचे आणि फाशीचे प्रसंग आहेत, तेव्हा तिला अजून तीन-चार वर्षं थांबू द्या. तुम्ही मात्र या शनिवारीच सुरू करा, आणि पहिले तीन भाग सलग बघा, कारण कथा तिसऱ्यात पकड घेते.