जीभ पोळते, पण आरशात काहीच दिसत नाही

प्रश्न : मी ५३ वर्षांची आहे, कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. दीड वर्ष झालं, जिभेचं टोक आणि ओठांची आतली बाजू गरम चहाने पोळल्यासारखी भगभगते. सकाळी बरं असतं, शाळा सुटेपर्यंत जीव नकोसा होतो. जेवताना मात्र त्रास नसतो. एका डॉक्टरांनी दाढेची कॅप बदलली, दुसऱ्यांनी दाढच काढली, आग तशीच. आठ वर्षांपासून थायरॉईडची ७५ची गोळी चालू आहे. थायरॉईडमुळे तोंड असं दुखतं का? घरचे म्हणतात, तू मनाला लावून घेतलंयस.

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. हे मनाचे खेळ नाहीत. तुमची जीभ खरंच दुखतेय, आणि पाळी थांबण्याच्या सुमाराला किंवा त्यानंतर कितीतरी जणींची ती अगदी अशीच दुखते. सकाळी कमी, दिवस चढेल तशी वाढणारी आग, घास तोंडात असताना आराम, आणि आत डोकावलं तर सगळं गुलाबी, निरोगी. रोज २ तासांहून जास्त वेळ आणि ३ महिन्यांहून अधिक काळ हे चाललं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला आम्ही बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतो. ‘दुसरं कारण सापडलं नाही’ हे त्यातलं महत्त्वाचं. तुमच्या बाबतीत ते शोधायचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

मी हे इतक्या कळकळीने लिहितेय, कारण माझ्याही हातून एकदा हेच झालंय. माझा दवाखाना नवीन होता तेव्हा माझी सख्खी मावशी हीच तक्रार घेऊन आली होती. ती शिवणकाम करायची. मशीनच्या फळीवर पाण्याचा तांब्या ठेवायची, दोन टिपा मारल्या की एक घोट घ्यायची आणि तो तसाच तोंडात धरून बसायची. मी आरसा घालून पाहिलं, काही दिसलं नाही, आणि म्हणाले, “काही नाही गं मावशी, टेन्शन घेऊ नकोस.” दोन वर्षांनी जिना चढताना धाप लागते म्हणून रक्त तपासलं, तेव्हा बी-१२ तळाला गेलेलं आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावलं की रक्तात वाढणारं हार्मोन, चढलेलं. इंजेक्शनं आणि गोळी सुरू झाल्यावर चार-पाच महिन्यांनी फळीवरचा तांब्या गेला. तिच्या त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

आता थायरॉईड. संबंध आहे, पण थायरॉईड सहसा एकटा नसतो.

जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी नस फार बारीक असते. ती कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूने जाते. भाजल्याचं, दुखल्याचं कळवणारी नस वेगळी. अमेरिकेतल्या लिंडा बार्टोशुक आणि कॅनडातल्या मिरियम ग्रुश्का यांनी मांडलेला विचार असा, की चवीची नस धडधाकट असेल तर ती दुखण्याच्या नसेला आवरून धरते. चव मंदावली की तो लगाम सुटतो, आणि जिभेला काहीही न लागता भाजल्याचे निरोप मेंदूकडे जात राहतात. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, कमी पडलं की चव मंदावते, तोंड कोरडं पडतं. मला हा विचार पटतो, कारण बऱ्याच जणी आगीबरोबर ‘तोंडात सतत कडवट, लोखंडासारखी चव असते’ असंही सांगतात.

पण दवाखान्यात मला जास्त वेळा दिसते ती दुसरी वाट. आपल्याकडे थायरॉईड मंदावण्याचं एक मोठं कारण म्हणजे १९१२ साली जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी वर्णन केलेला आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटते. ती एकदा उलटली की काही जणींत जठराच्या पेशींवरही जाते, मग अन्नातलं बी-१२ अंगी लागत नाही. काहींत लाळेच्या ग्रंथींवर जाते, मग भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नाही. त्यात आपलं शाकाहारी जेवण, उपास आणि वर्षानुवर्षं कमी असलेलं लोह. थायरॉईडची गोळी नेमाने घेऊनही जीभ जळत राहते ती अशाने.

म्हणून टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि साखर तपासून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी किमान २ दिवस बंद ठेवा, त्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येतो. बीपीची रामिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. तिनेही तोंडाची आग होऊ शकते. स्वतःहून बंद मात्र करू नका.

आणि थायरॉईडच्या गोळीची बाटली कुठे ठेवता? ती बाटली बहुतेक घरांत गॅसजवळच्या फडताळात असते. उष्णतेने, दमटपणाने गोळीचा जोर कमी होतो. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने. तुमच्या वयात कॅल्शियम किंवा लोहाची गोळीही बहुधा चालू असेल, ती ४ तासांनंतर. एवढं पाळून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा. ते ठीक असेल तर जीभ जळते म्हणून गोळी वाढवून घेऊ नका. जास्तीच्या गोळीने छातीत धडधडतं, हाडं ठिसूळ होतात, आणि जीभ आहे तशीच राहते.

तोंडही एकदा नीट तपासून घ्या. जीभ कापडाच्या तुकड्यात धरून कडेपर्यंत बघणारा डॉक्टर शोधा. बुरशीचा थर, गालाच्या आत पांढऱ्या रेघा, कवळीचं घासणं, हे नुसत्या नजरेतून सुटतं. मिश्री किंवा सुपारीची सवय असेल तर संकोच न करता सांगा. आपल्याकडे तिखट झोंबायला लागणं आणि तोंड कमी उघडणं, तीन बोटं उभी आत न जाणं, यामागे बहुतेक वेळा सुपारी असते, आणि तो आजार थायरॉईडपेक्षा कितीतरी गंभीर.

सगळे रिपोर्ट चांगले आले तरी उपाय आहेत. क्लोनाझेपामची गोळी ३ मिनिटं चघळून थुंकायची, ही एक रीत काहींना चांगली लागू पडते. ती मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. फेस कमी येणारी, पुदिना-दालचिनी नसलेली पेस्ट वापरा. लवंगतेल जिभेला लावू नका. आणि एक्स-रेमध्ये दोष दिसल्याशिवाय आता एकही दाढ कुणाला काढू देऊ नका. हे पान घरच्यांपुढे ठेवा.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा आहे, नाशिकला असतो. सर्दी-ताप येऊन गेला आणि पंधरा दिवसांनी खालचा जबडा आणि कान ठणकू लागले. दातांचा एक्स-रे चांगला आहे. गिळताना कळ येते. रूट कॅनाल करून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. कंठाच्या खाली, कॉलरचं बटण येतं तिथे दोन बोटांनी हलकेच दाबून बघा. तिथे हात लावू देत नाही इतकं दुखत असेल, तर दुखणं थायरॉईडला आलेल्या सुजेचं असू शकतं आणि जबड्यात नुसतं उमटत असेल. स्विस शल्यचिकित्सक डी क्वेर्व्हेन यांनी १९०४ साली याचं वर्णन केलं. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि थायरॉईडची तपासणी करा. बहुतेकांना सूज उतरवणाऱ्या गोळ्या पुरतात, काहींना थोडे दिवस स्टेरॉइड लागतं. सुरुवातीला हार्मोन वाढलेलं दिसेल, मग कमी होईल, नंतर सहसा मूळपदावर येईल. म्हणून एका रिपोर्टवर थांबू नका.

प्रश्न : माझ्या वहिनीचं थायरॉईड वाढलेलं आहे, महिन्यापूर्वी ते कमी करणारी कार्बिमॅझोलची गोळी सुरू झाली. दोन दिवसांपासून तोंड आलंय, घसा दुखतोय, ताप आहे. ग्लिसरीन लावावं का?

उत्तर : या ताईंना मी पत्र हातात पडलं त्याच क्षणी फोन केला, इथे छापतेय ते ही गोळी घेणाऱ्या इतरांसाठी. या गोळीने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक घटतात, आणि त्याची पहिली खूण तोंडात आणि घशात दिसते. असं झालं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जाऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करा. गोळीचं पाकीट सोबत न्या.