पोटातले जंतू आणि बंद केलेली गोळी

ते गृहस्थ माझ्याकडे आहाराच्या सल्ल्याला आले ते फाइल छातीशी धरूनच. बावन्न वर्षांचे, टाइप २ मधुमेह निघून दोन वर्षं झालेली. फाइलमधून मलतपासणीचा बारा पानी रंगीत रिपोर्ट निघाला. लाल पट्ट्यांभोवती बॉलपेनने गोल केलेले. शेजारी प्रोबायोटिक, म्हणजे 'चांगल्या' जंतूंच्या, कॅप्सूलच्या दोन बाटल्या मांडल्या.

"मॅडम, मूळ सापडलं. अँटिबायोटिक खाऊन खाऊन चांगले जंतू मेलेत. ते परत आले की शुगर जाईल ना?"

हल्ली हे फार जण विचारतात, आणि प्रश्न वेडगळ मुळीच नाही. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात, त्यातून ब्यूटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तराचं ते अन्न. शिवाय इन्सुलिनला मदत करणारं जीएलपी-१ हे संप्रेरक सुटायलाही त्याचा हातभार लागतो. २०१२ साली चीनमधल्या ३४५ जणांच्या अभ्यासात मधुमेहींमध्ये हे ब्यूटिरेटवाले जीवाणू कमी आढळले. पण ते कमी झाले म्हणून मधुमेह आला की उलट, हे त्यावरून ठरत नाही. वडिलांना मधुमेह होता का, विचारलं. होता. काकांनाही.

रिपोर्टपेक्षा मला त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) आकडा खटकत होता. ७.१ टक्क्यांवरून ८.४.

"मधुमेहाची ती मेटफॉर्मिनची गोळी कधी बंद केलीत?"

ते बाटलीचं झाकण फिरवत बसले. "झाले तीनेक महिने. पोट बिघडायचं. म्हटलं, उरलेले जंतूही मरतील."

गंमत इथेच आहे. मेटफॉर्मिन जीवाणूंची वस्ती बदलते हे खरं, पण २०१७च्या एका प्रयोगात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची विष्ठा जंतुविरहित उंदरांना दिली, तेव्हा उंदरांचं शरीर साखर जास्त चांगली हाताळू लागलं. म्हणजे ज्या जंतूंच्या काळजीने यांनी गोळी सोडली, त्यांच्याकरवीही ती थोडंफार काम करत असावी!

कॅप्सूलवर माझा फारसा भरवसा नाही. एका अभ्यासात सडपातळ माणसांची विष्ठा स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडली, तेव्हा सहा आठवड्यांनी इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला होता. अठराव्या आठवड्यात तो फायदा उरला नव्हता. नुसते पाहुणे आणून भागत नाही, घरात त्यांना खायला काही लागतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू, म्हणजे तोच चोथा, सांगते. यांच्या जेवणात भाजी नावाला, डाळ पातळ. एकदम वाढवलं तर पोट फुगेल आणि दोष पुन्हा गोळीवर जाईल, म्हणून आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं ठरवलं.

"मग या बाटल्या?"

"संपवायच्या तर डॉक्टरांना दाखवून संपवा. पण गोळीच्या जागी नकोत."

त्यांनी रिपोर्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरांना विचारायचं ते लिहून घेतलं: गोळी पुन्हा किती डोसने सुरू करू, जेवणासोबत घेऊ का, सावकाश विरघळणारी चालेल का.