लायका एम6 या फिल्म कॅमेऱ्यावर नागपूरची मारबत मिरवणूक आणि महाल भागातल्या गल्ल्या टिपायला 21 घ्यावी की 28 मिमी लेन्स?

28 घ्या. नेहमीच्या एम6 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) 28 ची चौकट, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या रेषा, आधीच आहे, 21 ची नाही. म्हणजे 21 साठी वर वेगळा फाइंडर लावायचा, फोकस एका खिडकीतून आणि चौकट दुसऱ्यातून. काळी आणि पिवळी मारबत हे मिरवणुकीतले पुतळे समोरासमोर येतात तेव्हा त्या रेटारेटीत हे जमत नाही हो. चष्मा असेल तर मात्र 28 च्या चौकटीच्या कडा एका नजरेत दिसत नाहीत, तेवढं दुकानात डोळा लावून बघा.

फोकस आधीच लावून ठेवा. 28 ला एफ/8 (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि अंतर 2 मीटर ठेवलं की साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. 21 ला त्याच आकड्यांवर जवळपास एक मीटरपासून थेट अनंतापर्यंत! 21 चा खरा फायदा हाच. पण माणसं चौकटीच्या कडेला आली की चेहरे ताणले जातात, आणि मारबतीत कडेलाच तर गर्दी असते.

वाडे, दीक्षाभूमीचा घुमट असं जास्त काढणार असाल, तर झाइसची 21 मिमी एफ/4.5 बिओगॉन बघा, रेषा अगदी सरळ ठेवते. फोक्टलेंडरची 21 मिमी एफ/4 इवलीशी आहे, खिशात मावते. 28 मध्ये झाइसची एफ/2.8 बिओगॉन मला सगळ्यात आवडते. संध्याकाळच्या उजेडासाठी फोक्टलेंडरची एफ/2 अल्ट्रॉन.