चेहरे लक्षात राहत नाहीत, म्हणजे विसराळूपणाचा आजार?

"वर्गात मुलं ओळखते, पण तेच मूल बाहेर भेटलं की कोण ते कळत नाही. मला विसरण्याचा आजार जडतोय का?" समुपदेशनाला आलेल्या ३४ वर्षांच्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. लोक शिष्ट म्हणतात, हे दुखणं वेगळंच.

कधीपासून? लहानपणापासून. नावं, गुण, कोण कुठल्या बाकावर, सारं तोंडपाठ. नजरही तपासलेली. म्हणजे अडचण चेहऱ्यापुरतीच.

मग घरच्यांचे फोटो केस आणि कान कागदाने झाकून दाखवले. सख्ख्या बहिणीच्या फोटोपाशी त्या अडल्या. कागद बोटभर वर सरकला, कपाळावरची बट दिसली आणि नाव लगेच तोंडात आलं. अर्थात हे निदान नव्हे. त्यासाठी केस वगळलेल्या चेहऱ्यांची केंब्रिज फेस मेमरी टेस्ट करून घेतली. गुण फारच कमी आले. म्हणजे हा विसरण्याचा आजार नव्हे, हे जन्मजात चेहरेअंधत्व: नजर आणि स्मरण ठीक, पण चेहरे ओळखू येत नाहीत.

नाक, डोळे, ओठ साधारण सगळ्यांचे सारखेच. आपला मेंदू ते सुटे न पाहता त्यांची एकत्र ठेवण टिपतो. म्हणून उलटा धरलेला चेहरा ओळखणं कुणालाही जड जातं; घर किंवा विमान उलटं धरलं तर तितकं जात नाही. १९६९ मध्ये संशोधक रॉबर्ट यिन यांनी हेच दाखवलं. या कामात मेंदूच्या खालच्या बाजूची फ्युजिफॉर्म वळी (मेंदूच्या पृष्ठभागावरचा एक उंचवटा), विशेषतः उजवीकडची, पुढे असते. जन्मजात चेहरेअंधत्वात ही एकत्र ठेवण नीट टिपली जात नाही, मग माणूस केस, चष्मा, चाल यांवर भागवतो. शिवाय वर्गात बाक मदतीला असतो, बाहेर तो आधार सुटतो. डोळे ताणून बघितल्याने फरक पडत नाही.

खात्रीचा इलाज नाही. खुणा मात्र निवडता येतात. केशरचना आणि कपडे बदलतात, त्यामुळे आवाज, चालण्याची लकब, तीळ, भुवईची ठेवण अशा दोन-तीन टिकाऊ खुणा प्रत्येकाच्या नावापुढे वहीत लिहायच्या. पालकसभेत सुरुवातीलाच सांगायचं, "चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, आधी नाव सांगा." बाईंना याचीच सर्वात लाज वाटत होती. सहकारी शिक्षिकेसमोर दोनदा म्हणून पाहिलं, मग जमलं.

एक मात्र वेगळं धरायचं. आजवर ओळखता येणारे चेहरे अचानक अनोळखी वाटू लागले, तर समुपदेशकाकडे नव्हे, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं; पक्षाघात किंवा डोक्याला मार असू शकतो.

वही आता निम्मी भरली आहे. परवा एका मुलाने केस बारीक कापले. बाईंनी त्याला खोकल्यावरून ओळखलं.