सेवा म्हणून चालवताच प्रमाणपत्र हरवते

प्रश्न : माझा सर्व्हर प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालवला की सुरक्षित जोडणी व्यवस्थित होते. मात्र लिनक्सवर तोच सिस्टमडी या, पार्श्वभूमीतील प्रोग्रॅम सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेची सेवा म्हणून सुरू केला, की प्रमाणपत्राची फाइल सापडत नाही असे सांगून बंद पडतो. फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये, ‘सर्ट्स’ या उपफोल्डरात आहे. ती जागची हललेली नसताना असे का होते?

उत्तर : फाइल हललेली नाही, प्रोग्रॅम जेथून ती शोधतो ती जागा बदलली आहे. कॉन्फिगरेशनमध्ये आपण केवळ ‘सर्ट्स’पासून सुरू होणारा पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचा पत्ता, दिला असावा. असा पाथ प्रोग्रॅमची फाइल कोठे आहे यावरून नव्हे, तर प्रोग्रॅमच्या चालू डिरेक्टरीपासून, म्हणजे तो ज्या फोल्डरमधून सुरू झाला तेथून, मोजला जातो. टर्मिनलमध्ये आपण आधी त्या फोल्डरमध्ये जाता, म्हणून सारे जुळून येते. सिस्टमडी मात्र वेगळे काही सांगितले नसेल तर सिस्टिम सेवा थेट रूट डिरेक्टरीतून, म्हणजे सर्व फोल्डरांच्या मुळापासून, सुरू करते. युनिट फाइलच्या (सिस्टमडीसाठी सेवेच्या सूचना असलेल्या फाइलच्या) सर्व्हिस विभागात ‘वर्किंगडिरेक्टरी’ ही ओळ घातल्यास काम भागेल, तरीही मी रूटपासूनचा पूर्ण पाथच लिहावा असे सुचवीन, कारण तो कोठूनही तोच राहतो. पाथ बॅश या टर्मिनलमधील आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आरंभीच्या फाइलीतील एखाद्या व्हेरिएबलमधून घेत असाल, तर सेवा ती फाइल वाचत नाही. युनिट फाइल बदलल्यावर ‘डेमन-रीलोड’ करून, म्हणजे सिस्टमडीला युनिट फाइली पुन्हा वाचायला लावून, सेवा पुन्हा सुरू करावी.

एवढे केल्यावर ‘परवानगी नाकारली’ असा नवा संदेश आल्यास त्यास प्रगती समजावे. सेवा बहुधा वेगळ्या यूजरच्या नावाने चालते आणि त्या यूजरला केवळ फाइल वाचण्याचा नव्हे, तर वाटेतील प्रत्येक डिरेक्टरीतून पुढे जाण्याचाही अधिकार लागतो. ‘नेमआय’ ही कमांड ‘एल’ पर्यायासह पूर्ण पाथवर चालवली, की वाट नेमकी कोठे अडली ते दिसते. सर्टबॉट या प्रमाणपत्रे मिळवून देणाऱ्या साधनाने मिळवलेल्या प्रमाणपत्रांच्या बाबतीत ‘लाइव्ह’ डिरेक्टरीतील फाइली या ‘आर्काइव्ह’ डिरेक्टरीतील खऱ्या फाइलींकडे नेणाऱ्या सिम्बॉलिक लिंक असतात, त्यामुळे दोन्ही डिरेक्टरींच्या परवानग्या पाहाव्या लागतात. फाइली होम डिरेक्टरीत असतील, तर युनिटमधील ‘प्रोटेक्टहोम’ हा पर्यायही तपासावा. तो चालू असताना सेवेला ती डिरेक्टरी बंद व रिकामी असते.

वैतागून खासगी की (प्रमाणपत्राच्या जोडीची गुप्त किल्ली असलेली फाइल) सर्वांना वाचण्यास मोकळी करण्याचा मोह मात्र टाळावा. सिस्टमडीची आवृत्ती २४७ किंवा पुढची असल्यास ‘लोडक्रेडेन्शियल’ वापरता येते : सेवा सुरू होताना सिस्टमडी स्वतःच्या अधिकाराने फाइल वाचते, तिची प्रत केवळ त्या सेवेसाठी ठेवते आणि त्या डिरेक्टरीचा पाथ एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून (सेवेला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या नामांकित मूल्यातून) कळवते. ही प्रत सुरुवातीलाच घेतली जात असल्याने, प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाल्यावर सेवा रीस्टार्ट करण्याची आज्ञा सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) घालून ठेवावी.