तुमचे प्रश्न : कॉलेजात गेली म्हणून पोर मोठी झाली असं नाही

या वेळी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून जे प्रश्न आले त्यात मुलामुलींचा लैंगिक छळ आणि त्यांची सुरक्षितता या एकाच विषयाचे इतके होते की बाकीचे पुढच्या अंकावर ढकललेत. नावं आणि गावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, १६ वर्षांची. महिनाभर झाला, जर्नल तपासून घ्यायला जायचं म्हटलं की पोटात दुखतं म्हणते. परवा तिचा फोन चार्जिंगला लावताना प्रॅक्टिकलच्या सरांचे मेसेज दिसले, रात्री पावणेबाराचे. आधी अभ्यासाचं, मग 'आज छान दिसत होतीस', मग त्याहून घाण काहीतरी आणि शेवटी 'आईला दाखवू नको'. तिचे बाबा म्हणतात कॉलेज बंद, १७ नंबर फॉर्म भरून बारावी देईल. मला काही सुचत नाहीये.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तिच्या बाबांना सांगा की कॉलेज बंद करायचं नाही. चूक त्या माणसाची आणि घरी बसायचं मुलीनं, हे कुठलं? मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली, तेवढ्या वर्षांत ज्या मुली माझ्याशी असलं काही बोलल्या त्यांचं पहिलं वाक्य जवळपास एकच असायचं, "मॅडम घरी नका सांगू, माझं कॉलेज बंद करतील." त्या माणसांनाही हे पक्कं माहीत असतं, त्याच भरवशावर ते 'आईला दाखवू नको' लिहितात.

एक मुलगी अजून डोळ्यासमोर आहे. सबमिशनचे दिवस, स्टाफरूमच्या दाराशी खाकी कव्हर घातलेलं जर्नल छातीशी धरून उभी, अंगठ्यानं कव्हरचा कोपरा घासून घासून पार पांढरा झालेला. का उभी आहेस म्हटलं तर म्हणाली, "सर म्हणालेत सगळे गेले की ये." मी तिला आत नेलं, सरांना म्हटलं सह्या इथेच टेबलावर सगळ्यांसमोर करायच्या, झाल्या सह्या. मला वाटलं प्रश्न मिटला. याच्या आधी काय काय झालंय हे मी तिला विचारलंच नाही, आणि ते न विचारल्याचं आजही मनाला लागून राहिलंय. म्हणून तुम्हाला सांगते, विचारा. पण 'आधी का नाही सांगितलंस' असं नको, शेजारी बसून 'तुझं काही चुकलेलं नाही, मी तुझ्याबरोबर आहे' असं म्हणा आणि मग गप्प राहा, ती बोलेल, कदाचित एका दिवसात नाही बोलणार.

आता कामाचं. मेसेज डिलीट करू नका, नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मूळ फोन तसाच जपा. तिच्या नावानं तुम्ही उत्तर देऊन त्या माणसाला अडकवायला जाऊ नका. आणि पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, मुलीचं नाव गावभर होतं आणि समोरचा सावध होतो.

पोक्सो म्हणजे २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, त्यात १८ पूर्ण न झालेली कुणीही व्यक्ती म्हणजे मूल. अकरावीची असो, बारावीची असो, फर्स्ट इयरची असो. लैंगिक हेतूनं मुलाच्या मागे लागणं, फोनवरून नाहीतर नेटवरून सारखा सारखा संपर्क करणं हाही त्यात गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हात लावला असेल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण करणारा त्याच शिक्षणसंस्थेतला असेल तर लैंगिक हेतूनं केलेल्या नुसत्या स्पर्शालाही कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं आहेत. म्हणजे 'नुसते मेसेजच तर आहेत' असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

पोलीस स्टेशनची भीती वाटणारच. पण मुलीला तिथे बसवून ठेवायचं नाही असं कायद्यातच आहे, जबाब घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, वर्दी न घालता घ्यायचा, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसायचं. रात्री तर कुठल्याच कारणानं मुलाला पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर करा म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार आधी इथेच नोंदवून घ्यायची, आता जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. आधी नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लावा, चोवीस तास, फुकट, मुलगी स्वतःसुद्धा लावू शकते.

त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, इनवर्ड नंबर आणि शिक्का असलेली. त्यात एक ओळ नक्की टाका की प्रॅक्टिकल आणि जर्नलसाठी दुसरे शिक्षक द्यावेत. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोला ३०-३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात, त्या ३० मार्कांच्या धाकानं मुली किती सहन करतात ते मी बघितलंय.

प्रश्न : मॅडम, मी ज्युनिअरला विनाअनुदानित तत्त्वावर शिकवते. एका बारावीच्या मुलीनं मला लॅब असिस्टंटबद्दल सांगितलं. मी उपप्राचार्यांना सांगितलं तर म्हणाले आपली समिती आहे ना, आधी आपण आपली चौकशी करू, खरं निघालं तर पुढचं बघू, उगाच संस्थेचं नाव खराब होईल. मुलगीही म्हणते कुणाला सांगू नका. माझी नोकरी कच्ची आहे, मी काय करावं?

उत्तर : तुमची अडचण कळते, खरंच कळते. पण मुलगी १८ च्या आतली असेल तर इथे 'आधी आमची चौकशी' हा रस्ताच नाही. कॉलेजची तक्रार समिती असते ती कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं आणि यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी, तिचं काम तिनं जरूर करावं, त्या माणसाला लॅबपासून लांब ठेवणं वगैरे. पण खरं-खोटं ठरवणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम. पोक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला माहिती मिळाली त्यानं पोलिसांना कळवायचंच आहे, आणि मुलीनं तुम्हाला सांगितलं त्या क्षणी ती माहिती तुम्हाला मिळाली. न कळवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्याचं झाकून ठेवत असेल तर त्याला १ वर्षापर्यंत. हे उपप्राचार्यांना दाखवा, बऱ्याच जणांना खरोखरच माहीत नसतं.

बदलापूर आठवतं ना, ऑगस्ट २०२४. बालवाडीतल्या दोन चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घ्यायलाच आईबापांना तासन्‌तास ताटकळत बसावं लागलं, मग २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले. पुढे न कळवल्याबद्दल त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, तिथे प्रश्न तर मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा होता. नाव खराब होईल म्हणून गप्प बसणाऱ्या संस्थांचं नाव पुढे कसं राहतं ते यावरून कळतंच.

नोकरीचं म्हणाल तर चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलमात आहे. संस्था आडून त्रास देणारच नाही असं मी म्हणणार नाही, खोटा धीर देऊन काय उपयोग. म्हणून तोंडी काही ठेवू नका, उपप्राचार्यांशी झालेलं बोलणं त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा, 'आज आपल्याला अमुक सांगितलं' एवढंच, मुलीचं नाव न घालता.

आणि मुलीला 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही आणि मोडलं की तिचा उरलासुरला विश्वास जातो. तिला आधी सांगा की मला हे कळवावं लागणार आहे, कुणाला कळवणार, पुढे काय होणार आणि मी तुझ्यासोबत असेन. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, तिथून तिच्या मदतीला सपोर्ट पर्सन, म्हणजे तपास आणि कोर्टाच्या काळात तिच्या सोबत राहणारी व्यक्ती, मिळू शकते, तेही विचारून घ्या. खोदून खोदून प्रश्न मात्र विचारू नका, जेवढं तिनं सांगितलं तेवढं तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला आहे, डिसेंबरात १८ होईन. होस्टेलला सीनियर मुलांनी रात्री कपडे काढायला लावले आणि व्हिडिओ काढला. मुलगा असून तक्रार केली तर सगळे हसतील. रेक्टर म्हणाले हे सगळ्यांना होतं.

उत्तर : बाळा, सगळ्यांना होतं म्हणून ते बरोबर होत नाही, आणि तू लिहिलंस हे फार बरं केलंस. आजच घरी फोन कर, आईला नाही सांगवत तर मामाला, मोठ्या बहिणीला, ज्याच्याशी बोलता येतं त्याला. आणि ते येईपर्यंत खोलीत एकटा राहू नकोस.

पोक्सोमध्ये मुलगा-मुलगी असा भेद नाही, तू १७ चा आहेस म्हणजे कायद्यानं मूल आहेस. तुझा व्हिडिओ काढणं, जवळ ठेवणं, पुढे पाठवणं हे सगळे स्वतंत्र गुन्हे आहेत. पुरावा म्हणूनसुद्धा तो व्हिडिओ मित्रांना फॉरवर्ड करू नकोस, कुणाकडे आहे तेवढं पोलिसांना सांग. शिवाय आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगचा वेगळा कायदा आहे, २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर कॉलेजच्या प्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर त्या मुलांना निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि त्यानं दुर्लक्ष केलं तर त्यालाच गुन्ह्याला साथ दिली असं धरतात. रेक्टरांचं 'सगळ्यांना होतं' हे वाक्य तक्रारीत तसंच्या तसं घाल. रॅगिंगची देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते.

हसणारे हसतील दोन दिवस. तुझ्या शेजारच्या खोलीत अजून तिघेचौघे १७ चे असतील, त्यांनाही तेच झालं असणार आणि तेही कुणाच्या तरी बोलण्याची वाट बघत असतील.

प्रश्न : आमच्या गावच्या कॉलेजच्या ग्राउंडवर सुट्टीत पोहण्याचा आणि क्रिकेटचा कॅम्प असतो. मुलगा ८ वर्षांचा आहे. पाठवावं का?

उत्तर : जरूर पाठवा, पण पैसे भरायच्या आधी एक चक्कर मारून या. कोचचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का ते विचारा, झालं असेल तर कागद दाखवायला कुणी वाईट वाटून घेणार नाही. कपडे बदलायची खोली कॉलेजच्या मोठ्या मुलांचीच आहे का, तिथे कोण थांबतं, मुलांना घेऊन जाणाऱ्याची सही घेतात का, ते बघा. पाण्यात शिकवताना आईबापांना काठावर बसू देत नसतील तर दुसरा कॅम्प शोधा. आणि मुलाला सांगून ठेवा की अंघोळीच्या वेळी मदत लागली तर आईबाबाच करतील, आणि 'हे आपलं गुपित' असं कुठला मोठा माणूस म्हणाला तर ते घरी येऊन पहिलं सांगायचं.